बाहेरचा चौकोन

माझं काम माती निवडण्याचं होतं. तांदूळ निवडतात तशी. पांढऱ्या ताटात ओली माती पसरायची, वरून दिवा सोडायचा, हातात चिमटा घ्यायचा आणि एकेक मूळ उचलून बाजूला काढायचं. जाड पांढरी मुळं एका वाटीत, केसासारखी तपकिरी दुसऱ्या वाटीत, काळी, मेलेली तिसऱ्या वाटीत. ॲन आर्बरच्या विद्यापीठातल्या एका तळघरात मी हे वीसेक वर्षं केलं. त्याबद्दल मला पगार मिळत होता यावर आपल्या महाराष्ट्र मंडळातल्या नलूताईंचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. एकदा त्या मुद्दाम प्रयोगशाळा बघायला आल्या. त्यांनी कोट काढला, ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर तू घरीही फुकट करत होतीस."

रेवा, अर्जुन, मंडळाच्या या अंकासाठी माझ्याकडे नोकरीतले अनुभव मागितले आहेत, पण मी लिहिते आहे ते तुम्हा दोघा नातवंडांसाठी. एक सनीव्हेलला, एक अल्फारेटाला. फोनवर मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच तुमच्यापैकी एकाला तरी पोहायला किंवा व्हायोलिनला जायचं असतं. तेव्हा तुमच्या आयांनी हे वाचून दाखवावं आणि अडेल तिथे इंग्रजीत सांगावं. मधलं काही गाळू नये. नोकरीची सगळी हकीकत मी सांगणार नाही. मला बसलेल्या एका धक्क्याबद्दल सांगणार आहे. तो अजून ओसरलेला नाही. भाजी चिरता चिरता मध्येच आठवतं आणि हात थांबतो.

आधी ती माती कुठली ते सांगते. अलास्काच्या अगदी उत्तरेकडे झाडं संपतात आणि उघडी जमीन सुरू होते. तिला टुंड्रा म्हणतात. गवताचे झुबके, शेवाळ, बोटाएवढी खुजी झुडपं, आणि मसाल्यात दगडफूल असतं ना, त्याचे पांढुरके भाऊबंद. उन्हाळ्यात वरचा एवढासा थर सुटतो, म्हणजे त्यातला बर्फ वितळतो. त्याखाली जमीन बारा महिने गोठलेली. वरचं गवत मरतं, पण थंडीमुळे धड कुजत नाही. नुसतं साठत जातं. हजारो वर्षांचं तसं साठलेलं आहे. झाडंझुडपं हवेतला कार्बन घेऊन वाढतात, आणि तो कार्बन तिथे त्या अर्धवट कुजलेल्या मुळांमध्ये पडून राहतो.

आता हवा तापली तर दोन गोष्टी होतात. झुडपं जोमाने वाढतात आणि जास्त कार्बन घेतात. पण त्याच वेळी मातीतले जिवाणू जागे होतात, ते जुनं साठलेलं खायला लागतात आणि कार्बन परत हवेत सोडतात. घेणं जास्त की सोडणं जास्त? आमच्या प्रयोगशाळेचा सगळा संसार या एका प्रश्नावर चालला.

हा प्रश्न रूथचा. रूथ म्हणजे आमची प्राध्यापक. मी नोकरीला लागले तेव्हा तिला 'डॉक्टर' म्हणायची. तिने काही दिवस सोसलं आणि मग सांगितलं, की तू मला डॉक्टर म्हणणार असशील तर मी तुला रोज सकाळी 'मॅडम' म्हणेन. मी दुसऱ्या दिवसापासून रूथ म्हणायला लागले.

तिने तिथल्या एका टेकडीच्या उतारावर मीटर-मीटरचे चौकोन आखले. निम्म्या चौकोनांभोवती पारदर्शक प्लास्टिकच्या तिरक्या भिंती उभ्या केल्या. छप्पर नाही. पाऊस आत पडतो, वारा मात्र अडतो आणि आत थोडी ऊब राहते. या घरात वाढेल ती उद्याची टुंड्रा. आणि प्रत्येक घराशेजारी एक उघडा चौकोन, ज्याला काही म्हणजे काही करायचं नाही. ती आजची टुंड्रा. आतला चौकोन आणि बाहेरचा चौकोन. बघायला येणारे आतल्याचे फोटो काढायचे, पण प्रयोगात खरा मान बाहेरच्याचा असतो. आतल्यात काय बदललं हे बाहेरच्याशी ताडून बघितल्याशिवाय कळतच नाही. बाहेरचा आहे तसाच राहणार, हे आम्ही सगळे इतकं धरून चाललो होतो की ते कुणी बोलूनही दाखवलं नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात रूथने मलाही बरोबर नेलं, कारण चौकोनांना खुणा करायचं काम तिला विद्यार्थ्यांवर सोडायचं नव्हतं. तुमच्या आजोबांनी विमानतळावर मला अस्वलापासून सावध राहायला सांगितलं. अस्वल दिसलं नाही, डास मात्र एवढे की चहाच्या कपावर बशी झाकून प्यावं लागे. सूर्य मावळत नसे. आणि त्या उतारावर जिकडे बघावं तिकडे कापूसगवताचे पांढरे गोंडे. लहानपणी आम्ही रुईच्या म्हाताऱ्या पकडायला धावायचो. त्या सगळ्या हातून निसटलेल्या म्हाताऱ्या इथे येऊन बसल्या आहेत, असं मला वाटलं. खाली रस्त्यावरून ती चकाकणारी बिनछपराची घरं मोजता यायची, इतकं सगळं उघडं होतं.

काम करायची रीत अशी. चार पायांची, गुडघ्याएवढी उंच एक चौकट असते, तिला उभे-आडवे दोरे ताणलेले. ती चौकोनावर ठेवायची. दोरे जिथे एकमेकांना छेदतात तिथून विणायच्या सुईसारखी लांब पिन खाली सोडायची आणि ती ज्या ज्या पानाला लागेल त्याचं नाव मोठ्यांदा सांगायचं. सांगणारा फळीवर पालथा पडलेला, लिहिणारा शेजारी बसलेला. लिहिणाऱ्याने ऐकलेलं नाव परत म्हणायचं आणि मगच लिहायचं. 'कापूसगवत.' 'कापूसगवत.' 'शेवाळ.' 'शेवाळ.' दिवसभर हाच जप.

दुसरी वस्तू सळई. वर मूठ असलेली, माझ्या छातीला येईल एवढी लांब. जमिनीत खुपसायची. खाली बर्फ लागला की ती अडते आणि तळहाताला टक्क असं जाणवतं. किती आत गेली ते बघायचं. तेव्हा ती माझ्या गुडघ्याच्याही अलीकडे अडायची.

तिसरी एक पारदर्शक पेटी. ती चौकोनावर उपडी ठेवून आतली हवा कशी बदलते ते यंत्राने मोजायचं. जमिनीचा श्वासच म्हणायचा. उजेडात झाडं कार्बन घेतात, म्हणून नुसती माती किती सोडते हे कळायला पेटीवर काळं कापड टाकून रात्र करावी लागे. तिथे तेवढीच रात्र.

खुणा मी केल्या. प्रत्येक चौकोनाला नंबराची धातूची चकती. आतल्याला लाल तारेने बांधलेली, बाहेरच्याला निळ्या. शिवाय बाहेरच्या प्रत्येक चौकोनाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात शेवाळाखाली एक लांब पितळी खिळा ठोकला. चकती कोल्हा चावेल, वारा नेईल. खिळा कोण नेणार? रूथ हसली. म्हणाली, तू घरी डाळीच्या डब्यांनाही दोन-दोन लेबलं लावत असशील. लावते. एक झाकणाला, एक डब्याला. झाकणं बदलतात.

निघायच्या आधी प्रत्येक चौकोनाच्या कडेला नळी फिरवून मातीचा एक दंडगोल काढला. पावाच्या लांब लादीसारखा दिसतो. ॲन आर्बरला आणून तो उभा चिरायचा. अर्धा ताटात निवडायला आणि अर्धा फॉइलमध्ये गुंडाळून तळघरातल्या फ्रीझरमध्ये. हा दुसरा अर्धा ठेवायची पद्धत माझी. पुढे दर वर्षी कुणीतरी तक्रार करायचं की फ्रीझरमध्ये जागा नाही, हे जुने ओंडके टाकून देऊ या. मी विचारायची, निवडताना चूक झाली तर परत निवडणार कशातून? मग ते आपली आइसक्रीमं दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवायचे.

त्या पहिल्या वेळी विमानतळावर तपासणीच्या माणसाने माझी बर्फाची पेटी उघडायला सांगितली. अलास्काहून येणारा प्रत्येक जण पेटीत मासे घेऊन येतो. त्याने विचारलं, काय पकडलंत? मी म्हटलं, माती. त्याने फॉइल बाजूला करून पाहिलं, मग पलीकडच्या सहकाऱ्याला हाक मारून दाखवलं. तो दुसरा म्हणाला, "बाई, तुमचा नवरा काही बोलत नाही का?"

त्यानंतर मी तिकडे गेले नाही. मुलांच्या शाळा होत्या, मग गुडघे होते, आणि माझं खरं काम तळघरातच होतं. काही वर्षांनी रूथचं कमरेचं ऑपरेशन झालं आणि तिनेही जाणं सोडलं. विद्यार्थी जायचे. एक विद्यार्थी दोन-तीन उन्हाळे करतो, पदवी घेतो आणि जातो. जाण्याआधी पुढच्याला सगळं शिकवतो. माती दर वर्षी येत राहिली. मी निवडत राहिले.

मुक्ता आली ती सांगलीहून. ऐन थंडीत, पुण्यात घेतलेला कोट घालून. बसस्टॉपपासून प्रयोगशाळेपर्यंत येताना तिचे दात इतके वाजत होते की तिने स्वतःचं नाव सांगितलं ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. मी तिला चहा दिला आणि तिने मला काकू म्हटलं. मुळं निवडायला तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. बडबड अखंड, पण चिमटा चुकत नसे.

तिने दोन उन्हाळे टुंड्रावर काढले. दुसऱ्या उन्हाळ्याची माती आली तेव्हा आम्ही दोघी समोरासमोर बसून निवडत होतो. माझ्या ताटाला निळी खूण होती, म्हणजे बाहेरचा चौकोन. कापूसगवताची मुळं पांढरी, शेवयांसारखी जाड आणि सरळ खाली जाणारी असतात. झुडपांची तपकिरी, केसासारखी, गुंतलेली. माझी पांढऱ्याची वाटी जवळपास रिकामी होती आणि तपकिरीची भरून वाहत होती. मी मुक्ताच्या ताटात डोकावले. तिचं ताट लाल खुणेचं. दोन्ही ताटं सारखी.

मी तिला विचारलं, की बांधताना चकत्यांची अदलाबदल तर झाली नाही ना? तिने चिमटा खाली ठेवला. "काकू, मी स्वतः बांधलंय सगळं. डबल चेक केलंय. आईशप्पथ."

श्वासाचे आकडेही तेच सांगत होते. काळ्या कापडाखाली बाहेरचा चौकोन आतल्याइतकाच कार्बन सोडत होता. रूथने आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, की ऊब काहीच करत नाही असं तरी म्हणावं लागेल, नाहीतर खुणा चुकल्या असं तरी. ऊब काय करते हे आपण सुरुवातीच्या वर्षांतच पाहिलं आहे. म्हणजे खुणा चुकल्या. दोन्ही उन्हाळ्यांचे आकडे बाजूला ठेवावे लागतील.

याचा अर्थ आम्हा तिघींनाही कळत होता. दोन उन्हाळे गेले तर मुक्ताचा प्रबंध गेला. तिसऱ्या उन्हाळ्यावर नवा प्रबंध उभा राहत नाही. तिला छोटी पदवी घेऊन निघावं लागलं असतं, आणि 'जिने खुणा चुकवल्या ती' ही ओळख बरोबर न्यावी लागली असती. आमच्या धंद्यात ती पुसली जात नाही. खोलीतून बाहेर पडल्यावर मुक्ताने मला जिन्यातच थांबवलं. मग म्हणाली, "यार काकू, खोटं कशाला बोलू मी? दोन उन्हाळे डासांनी खाल्लंय मला तिथे."

ती खोटं बोलते असं मला वाटत नव्हतं. पण खुणा चुकल्या असणार, हे मलाही पटलं होतं. पावसात, जाड हातमोजे घालून, कुणाचीही चूक होते. आणि दुसरं कारण असू शकतं हे डोक्यात येण्यासाठी जे लागतं ते माझ्याकडे नव्हतंच. माझ्या मनात तो उतार म्हाताऱ्यांनी पांढरा होता, आणि कायम तसाच राहणार होता.

एकदा खात्री करून घ्यावी असं रूथला वाटलं. खिळे कुठे आहेत हे मला ठाऊक होतं आणि माझी निवृत्ती जवळ आली होती. तिने मला विचारलं, जाशील का? आजोबांनी परत अस्वलाची आठवण केली.

मुक्ता ट्रक चालवत होती, मी शेजारी. खडीच्या लांब रस्त्यावर ती मला तिथल्या संशोधन केंद्रावरच्या स्वयंपाक्याच्या नकला करून दाखवत होती, आणि मी खिडकीतून आमची टेकडी शोधत होते. घरं चकाकताना दिसतील म्हणून बघत होते. ती दिसायच्या आधीच मुक्ताने ट्रक थांबवला. आम्ही फळ्यांच्या वाटेने वर चढू लागलो. फांद्या दोन्ही बाजूंनी अंगाला घासत होत्या. मला वाटलं, ओढ्याकाठची वाट असेल, पुढे उघडं लागेल.

मुक्ता थांबली आणि पाठीवरचं ओझं तिने खाली ठेवलं.

"काकू, आलो."

"कुठे?"

"हेच ना. हा बाहेरचा. तो बघा आतला."

मी बघितलं. आतल्याच्या प्लास्टिकच्या भिंती झुडपांत बुडून गेल्या होत्या. वरची कड तेवढी दिसत होती. आणि भिंतीच्या आत जी झुडपं होती तीच बाहेर होती, तेवढीच दाट, मांडीपर्यंत, खालच्या बाजूला माझ्या कमरेपर्यंत. खुजा बर्च आणि विलो. ज्या झुडपांना आम्ही बोटाने दाखवायचो, कारण ती बोटाएवढी होती. कापूसगवताचा एक गोंडा कुठे दिसेना.

मी तिला म्हटलं, ही जागा नव्हे. आपली टेकडी उघडी आहे. रस्त्यावरून घरं दिसतात.

मुक्ता माझ्याजवळ आली. ती घाबरली होती, मला काही झालंय असं तिला वाटलं असावं. मग हळूच म्हणाली, "काकू, मी आले तेव्हापासून अशीच आहे."

मी उत्तरेच्या कोपऱ्यात गुडघे टेकले आणि हात घातला. मऊ, ओलं शेवाळ लागेल म्हणून बोटं तयार होती. लागला पालापाचोळा. कोरडा, जंगलातल्यासारखा. त्याखाली त्या केसासारख्या मुळांची जाळी. मनगट आत गेलं, आणि मग बोटांना खिळ्याचं डोकं लागलं. गोठण्या-सुटण्याने थोडं वर आलेलं, हिरवं पडलेलं. माझ्याच हाताने ठोकलेला खिळा. निळ्या तारेची चकती त्याच्या शेजारीच होती, जिथे असायला हवी तिथे.

मी सगळे खिळे शोधले. प्रत्येक वेळी मला वाटे की हा तरी चुकीचा निघेल. एकही निघाला नाही.

फळीवर बसून मी पाणी प्यायले. माझं डोकं चालत नव्हतं. एवढ्या मोठ्या गोष्टीचा कुणालाच पत्ता कसा लागला नाही? दर वर्षी माणसं येत होती. शहाणी, अभ्यासू मुलं. मग मुक्ताने सवयीने चौकट मांडायला घेतली आणि मला उत्तर मिळालं.

चौकट गुडघ्याएवढी आणि झुडपं तिच्या वर. मुक्ताने चौकट ठेवली, वर आलेल्या फांद्या दोन्ही हातांनी धरल्या आणि निऱ्या खोचाव्यात तशा दोऱ्यांखाली खोचल्या. काही फांद्या आत राहिल्या, काही सुटून बाहेर गेल्या.

मी विचारलं, "हे काय करतेस?"

"दाबून आत घ्यायचं. नाहीतर पिन टाकणार कशी? सीनियरने असंच शिकवलंय."

"आणि त्याला कुणी शिकवलं?"

"त्याच्या सीनियरने."

झुडूप पहिल्यांदा दोऱ्याला टेकलं असेल तेव्हा कुणीतरी ते बोटाने बाजूला केलं असेल. त्यात काय एवढं? पुढच्याला वाटलं, ही रीतच आहे. प्रत्येकाने दोन-तीन उन्हाळे पाहिले, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत झुडूप फारसं वाढत नाही. प्रत्येकाला वाटलं, टुंड्रा म्हणजे हीच. आणि ज्या आम्ही दोघींनी पहिली टुंड्रा पाहिली होती, त्या ॲन आर्बरमध्ये बसलो होतो. माझ्या वाट्या तर दर वर्षी माझ्यासमोर होत्या. तपकिरी जरा जास्त, पांढरी जरा कमी. एकेका वर्षाचा फरक एवढासा असतो की तो पावसाच्या नावावर खपतो.

मग मी सळई मागितली. पानांच्या सावलीत उन्हाळ्यात जमीन थोडी गार राहते, तेव्हा निदान बर्फ तरी जागेवर असेल अशी मला आशा होती. पण झुडपांचा दुसरा गुणही मला माहीत होता. हिवाळ्यात ती बर्फ अडवून धरतात आणि भुसभुशीत बर्फ जमिनीवर गोधडीसारखा बसतो. खालची जमीन पूर्वीसारखी कडक गोठत नाही. उताराच्या खालच्या अंगाला, पाणी साचलं होतं तिथे, मी सळई खुपसली. गुडघ्याच्या खुणेपाशी टक्क होईल म्हणून मी हात सैल सोडला होता. ती गेली. मी दाबली, आणखी गेली. लोण्यात सुरी जावी तशी मुठीपर्यंत गेली आणि मी तोल जाऊन पुढे पडले. मुक्ताने मला दंडाला धरून उठवलं. तिने सांगितलं, की या जागी असंच होतं, इथे सळईची लांबी लिहायची पद्धत आहे.

आमची चौकट वरून अपुरी पडली होती आणि सळई खालून. दोन्ही आम्ही अशा जमिनीच्या मापाने केल्या होत्या, जी आम्हाला बदलणारी वाटलीच नव्हती.

केंद्रावर परत आल्यावर मी रूथला फोन लावला. तिने एकच शब्द विचारला, खुणा? मी सांगितलं की बरोबर आहेत, खिळ्यांनिशी.  मग मी तिला उतार जसा दिसला तसा सांगितला. पालापाचोळा, फांद्या, सळई. 

"मग बाहेरचा चौकोन कुठे आहे?" तिने विचारलं. पोर हरवल्यावर आई विचारेल तसा तिचा आवाज होता.

मी म्हटलं, "रूथ, बाहेर आता काही नाही. सगळं आतच आहे."

तिने मुक्ताला फोन द्यायला सांगितलं. रूथ काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. मुक्ता दोन-तीनदा 'इट्स ओके' म्हणाली आणि फोन ठेवून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. मी चहा घेऊन गेले. मला वाटलं, सुटली पोर एकदाची. तिचे डोळे पुसून झाले होते, पण चेहरा सुटल्यासारखा नव्हता.

"काकू, आकडे खरे ठरले. पण कंपेअर कशाशी करू? बाहेरचाच उरला नाही तर मी काय सांगणार, किती बदललं ते?"

ती बरोबर बोलत होती. पहिल्या वर्षांचे आकडे होते, पण ते जुन्या यंत्राचे, नव्यांशी थेट ताडता येणारे नव्हते. दुसरा उतार शोधावा तर तोही एव्हाना असाच. मी तिच्याशेजारी बसले. डास बशीवर आपटत होते. आणि मला माझ्या तळघरातले ते ओंडके आठवले, ज्यांच्यावरून मी वर्षानुवर्षं आइसक्रीमवाल्यांशी भांडले होते.

परत आल्यावर आम्ही तिघींनी फ्रीझर उघडला. पहिल्या उन्हाळ्याचे अर्धे दंडगोल अगदी तळाशी होते. निळ्या खुणा, माझं अक्षर. त्या उताराची जुनी जमीन एवढीच शिल्लक होती, एका वेळी हातात धरून नेता येईल एवढी. आणि ती वापरायची म्हणजे सुटू द्यायची. एकदा सुटली की गेली. रूथने त्यातला एक दंडगोल माझ्या हातात दिला. म्हणाली, हे तूच कर.

मी तो ताटात ठेवला. वर हिरवट शेवाळ अजून ओळखू येत होतं. हळूहळू कडा मऊ पडल्या आणि वास आला. ओलसर, किंचित आंबूस, थंड. त्या पहिल्या उन्हाळ्याचा वास. मग तो गेला आणि ताटात नुसता चिखल उरला. मी चिमटा घेऊन निवडायला लागले. पांढऱ्याची वाटी भरत गेली. मुक्ता समोर बसून नवा दंडगोल निवडत होती आणि तिची तपकिरीची वाटी भरत होती. 

मुक्ताचा प्रबंध मान्य झाला. तिने काय दाखवलं ते तुम्हाला थोडक्यात सांगते. निदान आमच्या त्या उतारावर तरी झुडपं पूर्वीपेक्षा जास्त कार्बन घेतात हे खरं, पण उन्हाळाभरच. माती हिवाळ्यातही सोडत राहते, आणि जे सोडते त्यात फार जुनं साठलेलंही आहे. घेणं मागे पडलं आहे. रूथ सगळं आयुष्य ज्या प्रश्नामागे होती त्याचं उत्तर आम्ही घरं बांधून शोधत होतो, आणि ते घराबाहेरून चालत येऊन आमच्या पायांशी उभं राहिलं होतं. मला कामाचा अभिमान आहे. पण ते उत्तर मी ज्या दिवशी पाहिलं, तो दिवस मला परत नको.

जुने दंडगोल एकेक करून संपले. शेवटच्यावर आमची थोडी वादावादी झाली. मुक्ताला आकडे आणखी पक्के करायचे होते. मी म्हटलं, हा राहू दे. उद्या कुणाकडे आपल्यापेक्षा चांगलं यंत्र असेल आणि वेगळा प्रश्न असेल, त्याने काय बघायचं? रूथने माझी बाजू घेतली, आणि मुक्तानेही मग ऐकलं.

तेव्हा सुट्टीत याल तेव्हा मुक्तामावशी तुम्हाला तळघरात नेईल. ती अजून तिथेच आहे. पांढरा फ्रीझर, उजव्या भिंतीला. तळाशी फॉइलमधला एक ओंडका आहे, निळ्या खुणेचा. लेबलं दोन आहेत, एक वरच्या कागदावर, एक आत. बघा. हात लावू नका. आणि बघून झालं की झाकण लगेच लावा, नीट बसलं की नाही ते दाबून बघा.